गिटारसाठी लाकूड: आधी वाळवा, मग भाजायचं बघा

मे महिन्यातल्या दुपारी कोल्हापुरात हवेची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलैत तीच ८५-९० वर जाऊन बसते आणि आठवडेच्या आठवडे खाली यायचं नाव घेत नाही. उघड्यावरचं कुठलंही लाकूड या दोन टोकांमध्ये पाणी पितं आणि सोडतं. पावसाळ्यात दार चौकटीला घासायला लागतं ते यामुळेच. दाराचं रंधा मारून भागतं. गिटारचा टॉप, म्हणजे पुढची पातळ फळी, मात्र अडीच-तीन मिलिमीटर जाड, चहूबाजूंनी चिकटवलेला, आणि त्यावर सहा पोलादी तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण. तो फुगला की अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) उचलते, आटला की मधोमध चीर जाते.

नवीन मुलं हल्ली पहिला प्रश्न विचारतात तो ‘रोस्टेड’ लाकडाचा. कुठं भाजून मिळेल, घरी भाजता येईल का, किती डिग्रीवर. त्याचं उत्तर पुढे दिलंय. पण भाजलेलं लाकूड हा शेवटचा टप्पा. वाळवणं नीट जमलं नसेल तर भाजून काहीही सुधारत नाही, उलट दोन दिवसांत लाकूड सरपणाच्या लायकीचं होतं. म्हणून क्रम तोच ठेवतो: लाकूड निवडणं, थप्पी, वजनं, वाळवायची पेटी, आणि मग भाजणं.

आधी पाण्याचा हिशोब

ताज्या कापलेल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत मोकळं, दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं आणि ते जाताना लाकूड आटत नाही, फक्त हलकं होतं. ओलावा २८-३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतीतलं पाणी निघायला लागतं. आटणं, पीळ पडणं, तडा जाणं हे सगळं इथून पुढे.

हवा आणि लाकूड यांचा एक ठरलेला तोल असतो. साधारण २७-३० अंश तापमानाला हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांवर येऊन थांबतो. ४० टक्के आर्द्रतेला साडेसात, ५० ला ९, ८० ला जवळपास १६ आणि ९० ला २०. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा, रोज लागतात. जगभर गिटार बनवणारे ४० ते ५० टक्के आर्द्रतेत काम करतात, म्हणजे लाकूड ७ ते ९ टक्क्यांवर असताना. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत ते नुसत्या हवेवर शक्य नाही. कितीही वर्षं ठेवा, जुलैत मोजलं की १६-१७ दाखवणार.

यानं फरक किती पडतो ते बघा. स्प्रूसचा टॉप ४०० मिलिमीटर रुंद धरा. लाकूड १६ टक्क्यांवर असताना चिकटवला आणि एप्रिलपर्यंत ते ८ वर आलं, तर रेषा उभ्या असलेला चांगला टॉपसुद्धा साडेचार मिलिमीटरच्या आसपास आटायला बघतो. खालच्या ब्रेस (टॉपला आतून चिकटवलेल्या आधाराच्या काठ्या) त्याला आटू देत नाहीत. मग तो फाटतो.

रेषा उभ्या असण्याचं महत्त्व यातच आहे. लाकूड वलयांच्या दिशेनं जेवढं आटतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आटतं. फळीचं टोक बघा. वलयांच्या रेघा फळीच्या जाडीत सरळ उभ्या दिसल्या पाहिजेत. आडव्या किंवा कमानीसारख्या दिसत असतील तर ती फळी कपाटाला द्या.

लाकूड कुठलं, आणि वखारीत काय विचारायचं

टॉपसाठी स्प्रूस किंवा सीडर बाहेरूनच मागवावं लागतं, त्याला इलाज नाही. बाकी अंगासाठी आपल्याकडे भरपूर आहे. बॅक-साइडला, म्हणजे पाठीला आणि बाजूंना, शिसव उत्तम. सागवान स्थिर असतं, पण तेलकट असल्यामुळे चिकटवण्याच्या लगेच आधी अ‍ॅसिटोननं पुसावं लागतं. नेकला (गिटारच्या दांडीला) तुण किंवा लागवडीची महोगनी चालते. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या दांड्यांसाठी तुण वापरली जाते, ती उगाच नाही. हलकी, कमी हलणारी आणि कोरायला सोपी. शिवणसुद्धा फार स्थिर लाकूड आहे आणि नवशिक्यांनी तिला उगाच दुर्लक्षित केलंय. आंबा स्वस्त आणि दिसायला देखणा, पण बुरशीचा काळा डाग आणि भुंगा दोन्ही लवकर लागतात. तो कापल्या आठवड्यातच थप्पीला गेला पाहिजे.

शिसव आणि साग घेताना पक्की पावती मागा आणि बाहेरगावाहून आणत असाल तर वनखात्याचा वाहतूक परवाना बघून घ्या. कुणाच्या शेतातलं पडलेलं झाड म्हणून ट्रॉलीत घालून आणू नका. शिसवाच्या सगळ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, नुसत्या फळ्यांना नाही.

वखारीत ‘सीझन केलेलं आहे का’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “झालंय की सगळं, बिनधास्त न्या.” ते खोटं बोलत नाहीत. दार-खिडकीच्या हिशोबानं ते सीझन झालेलंच असतं, १२-१५ टक्क्यांवर. आपला हिशोब वेगळा, एवढंच. त्यामुळे विचारायचं असेल तर दुसरं विचारा: ओंडका कधी कापला, कापल्यावर फळ्या उभ्या ठेवल्या की आडव्या, आणि टोकाला रंग लावला होता का.

जुने वाडे पाडतात तेव्हा त्यातलं सागवान विकणारे लोक आहेत. ऐंशी-शंभर वर्षांच्या तुळया, सरळ रेषा, असा गाभा आता नवीन झाडात मिळणं कठीण. जरूर घ्या. मात्र ‘एवढं जुनं लाकूड, त्याला काय वाळवायचं’ हा समज काढून टाका. शंभर वर्षांची तुळईसुद्धा दर पावसाळ्यात ओलावा घेते, दर उन्हाळ्यात सोडते. कापून फळ्या केल्या की तीही थप्पीला लावायची, वजन करायचं. आणि करवतीला देण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधायचे, नाहीतर पातं गेल्यावर वखारवाला परत दारात उभं करणार नाही.

आणखी एक गोंधळ इथं नेहमी होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींमध्ये मशिनरीची पाइनची खोकी येतात. त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असतो. हीट ट्रीटमेंट केलेलं लाकूड म्हणजे रोस्टेड, असं समजून पोरं ती खोकी फोडून घरी आणतात. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की लाकडाचा गाभा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं ठेवून कीड मारली आहे. निर्यातीच्या पॅकिंगचा तो नियम आहे. त्यानं लाकूड वाळत नाही आणि आवाजाशी त्याचा संबंध नाही. ते पाइन साचे आणि क्लॅम्पचे ठोकळे करायला छान आहे.

थप्पी

ओलं लाकूड घेत असाल तर दिवाळीनंतर घ्या. डिसेंबर-जानेवारीची हवा थंड आणि बेतानं कोरडी असते, फळी सावकाश वाळते. मार्च-एप्रिलच्या उन्हात ताजी फळी आणली की वरचा थर आधी वाळून आखडतो, आत ओल तशीच, आणि पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात.

लाकूड आणल्या दिवशी टोकं बंद करा. पाणी टोकाकडून सर्वात वेगानं पळतं, म्हणून तडे तिथूनच सुरू होतात. वितळवलेलं मेण ब्रशनं जाड लावा किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. फेव्हिकॉलचा एक पातळ हात पुरत नाही.

खाली विटा किंवा सिमेंटचे ठोकळे मांडून लाकूड जमिनीपासून किमान फूटभर वर घ्या. फळ्यांच्या मध्ये पाऊण ते एक इंचाच्या चौरस पट्ट्या, दर दीड फुटाला एक. पट्ट्या वाळलेल्या लाकडाच्याच हव्यात, ओल्या पट्टीचा डाग फळीत उतरतो. प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पट्टी चार बोटं सरकली की वरचं वजन फळीच्या रिकाम्या पोटावर येतं आणि ती त्या बाकातच वाळते. मग रंध्यानं सरळ करायला गेलात की एक इंचाची, म्हणजे आठ सुतांची फळी पाच सुतावर येते. सर्वात वर एखादी जड फरशी किंवा दोन-तीन सिमेंटचे ब्लॉक ठेवा.

जागा सावलीची, वारा खेळता. पत्र्याची शेड चालते, पण पत्र्याला लागून नको. कोल्हापुरात पावसाची झड पश्चिमेकडून येते, तेवढी बाजू बंद करा आणि बाकीच्या उघड्या ठेवा. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेली थप्पी पावसाळ्यात आतून बुरशीनं हिरवी होते. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा फार तापला तर उन्हाच्या बाजूला कोरडी गोणपाटं सोडा. गच्चीवर उन्हात लाकूड टाकणं सर्वात वाईट.

एक इंच जाडीला एक वर्ष हा ठोकताळा तुम्ही ऐकला असेल. तो थंड मुलखातला आहे. इथं एक इंचाची सागाची किंवा तुणीची फळी त्याच्या कितीतरी आधी हवेच्या तोलाला येते. वर्ष मोजू नका, वजन मोजा.

वजनाचा काटा हेच खरं मीटर

दोन सुयांचं मॉइश्चर मीटर ऑनलाइन सहज मिळतं आणि कामाचं आहे. पण ६ टक्क्यांच्या खाली आणि ३० च्या वर त्याचा आकडा भरवशाचा नसतो, आणि मधला आकडाही लाकडाच्या जातीप्रमाणे बदलतो. स्वस्त मीटरमध्ये शिसव किंवा शिवणीची सेटिंग नसते. म्हणून पहिल्यांदा एकदा काट्यावर खरा ओलावा काढायचा.

फळीच्या टोकापासून किमान फूटभर आतून एक इंच रुंदीचा तुकडा आडवा कापा. लगेच वजन करा, तासाभरानं नाही. मग ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि काही तासांनी परत परत वजन करा. दोन वजनांत फरक पडेनासा झाला की तो पूर्ण वाळला. समजा आधी ८४ ग्रॅम होता आणि शेवटी ७० भरला. १४ ग्रॅम पाणी गेलं. १४ ला ७० नं भागलं की २० टक्के. भागायचं नेहमी कोरड्या वजनानं, ओल्या नाही.

आता मोठी फळी काट्यावर ठेवा. ती २ किलो ४०० ग्रॅम भरली आणि ओलावा २० टक्के आहे, तर २४०० ला १.२० नं भागून तिचं पूर्ण कोरडं वजन २ किलो. आपल्याला ८ टक्के हवे, म्हणजे २ किलो १६० ग्रॅम. हा आकडा पेन्सिलीनं फळीवरच लिहायचा, तारीख घालून. दर रविवारी वजन करून खाली नवीन आकडा लिहीत जा. काही महिन्यांनी त्या फळीवरचा हिशोब बघितला की ती कधी पळत होती, कधी थांबली, पाऊस लागल्यावर उलटी कशी फिरली, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा स्वच्छ कळतं.

भंगारातल्या फ्रीजची पेटी

हवेवर वाळलेलं लाकूड १५-१६ वरून ८ वर आणायला पेटी लागते. त्यासाठी मोठी भट्टी नको, थोडी ऊब पुरते, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर पेटीतलं सगळं काम सोपं होतं. हवा तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. जुलैतली २६ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या आणि तीच ४० अंशांवर न्या. पाण्याचा एक थेंब न काढता तिची आर्द्रता ३९ टक्क्यांच्या आसपास येते. लाकडाच्या भाषेत ७ टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे बाहेर धो धो पाऊस असताना पेटीत सदोदित जानेवारी.

भंगारवाल्याकडून एक दाराचा मोठा फ्रीज आणा. आतला गॅस फ्रीज मेकॅनिककडून काढून घ्या, स्वतः नळ्या कापू नका. भिंतीत इन्सुलेशन तयार असतं, दार घट्ट बसतं, आणखी काय हवं? तळाला एक आणि वर विरुद्ध बाजूला एक अशी इंचभर व्यासाची भोकं पाडा. ओली हवा वरून निघेल, ताजी खालून येईल. खाली १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब किंवा सिरॅमिक हीटर, त्यावर चार बोटांच्या अंतरावर पत्र्याची झाकणी. लाकूड बल्बला थेट दिसता कामा नये. अंड्यांच्या इनक्युबेटरला वापरतात तो डिजिटल थर्मोस्टॅट यालाही चालतो. कॉम्प्युटरचा छोटा पंखा मात्र थर्मोस्टॅटला जोडायचा नाही, तो चोवीस तास फिरत राहिला पाहिजे. हवा फिरली नाही की वरचं लाकूड करपतं आणि खालचं ओलंच राहतं. वायरिंग जाणकाराकडून करून घ्या, अर्थिंग आणि गळतीचा ब्रेकर असल्याशिवाय बटण दाबू नका, आणि पहिले काही दिवस रात्री बंद ठेवा.

आत एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारं मीटर, लागेल. स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्के सहज चुकतो, म्हणून आधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन पाण्यानं चिखलासारखं ओलं करा, हायग्रोमीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवला पाहिजे. ८१ दाखवत असेल तर सहा वजा करायचे, हे त्याच्या पाठीवर लिहून टाका.

ओलावा २० टक्क्यांच्या वर असलेलं लाकूड पेटीत घालू नका. पहिले तीन-चार दिवस ३२-३४ अंश, मग ३६, मग ४०. घाई केली की वरचा थर आखडून कडक होतो आणि आतलं लाकूड त्याच्या कैदेत वाळतं. अशी फळी बाहेरून निर्दोष दिसते. फाडून दोन पातळ पानं केली की दोन्ही पानं कपासारखी वळतात. याची चाचणी सोपी. फळीच्या मधून आडवी अर्धा इंचाची चकती कापा, तिच्यात जाडीच्या बाजूनं मधला भाग काढून चिमट्याचे दोन पाय राहतील असं करा. पाय सरळ राहिले तर उत्तम. आत वळले तर फळीत ताण आहे. मग पेटीत पाण्याची ताटली ठेवून, आर्द्रता ६५-७० वर नेऊन दोन-तीन दिवस वाफसा द्यायचा आणि परत सावकाश खाली आणायचं.

फळीच्या पांढऱ्या, सालीकडच्या भागात भुंग्याची पांढरी पूड दिसली तर तीच पेटी कामाला येते. वाळलेली इंचभर जाडीची फळी ६० अंशांवर रात्रभर ठेवा, शेजारी पाण्याची वाटी ठेवून. ६० च्या वर नको, फ्रीजचं आतलं प्लॅस्टिक मऊ पडतं. तरी गिटारसाठी पांढरा भाग वापरूच नये असं माझं मत. दिसायला सुंदर पट्टा येतो खरा, पण भुंगा परत लागायची भीती राहते.

बॅक-साइडसाठी फळी फाडून चार-पाच मिलिमीटरची पानं केली की काम संपलं असं नाही. ती परत पट्ट्यांवर, वर वजन ठेवून पेटीत, वजन थांबेपर्यंत. नेकचा ठोकळा ढोबळ आकारात कापून पंधरवडाभर सोडून द्या. जो पीळ पडायचा तो तेव्हाच पडू दे.

आता भाजण्याबद्दल

रोस्टेड, टॉरिफाइड, थर्मो: नावं कंपनीगणिक बदलतात, क्रिया तीच. लाकूड १६० ते २२० अंशांपर्यंत नेतात, पण ऑक्सिजन नसलेल्या जागेत: वाफेत, नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात ही पद्धत बाहेरच्या भिंती आणि डेकच्या लाकडासाठी उद्योग म्हणून उभी राहिली. तिथल्या पद्धतीत आधी लाकूड १०० आणि मग १३० अंशांवर नेऊन जवळपास पूर्ण कोरडं करतात, मग १८५ ते २१५ च्या दरम्यान दोन-तीन तास ठेवतात, आणि थंड करताना वाफ मारून ओलावा परत ४ ते ७ टक्क्यांवर आणतात. सगळं मिळून दीड-दोन दिवस. गिटारच्या टॉपसाठी बनवणारे सहसा या पट्ट्याच्या सौम्य बाजूला राहतात. यामाहाची एआरई किंवा मार्टिनची व्हिंटेज टोन सिस्टम ही याच घराण्यातली नावं.

लाकडात तीन मुख्य घटक असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. उष्णतेनं आधी मोडतो तो हेमिसेल्युलोज, आणि पाण्याला सर्वात जास्त धरून ठेवणाराही तोच. तो मोडला की अ‍ॅसेटिक आम्ल आणि साखरेपासून होणारी द्रव्यं निघतात, म्हणून भाजलेल्या लाकडावर रंधा मारला की काकवीसारखा वास येतो. लाकूड तपकिरी होतं, थोडं हलकं होतं, राळ सुकून घट्ट होते. आणि हवेतलं पाणी घ्यायची त्याची भूक कमी होते. जोरात भाजलेल्या लाकडात ती जवळपास निम्म्यावर येते. साधं लाकूड जुलैत १६ वर असेल तर हे ८-९ वर.

जाहिराती म्हणतात की टॉपला पन्नास वर्षं जुना आवाज येतो. मला विचाराल तर आवाजाची गोष्ट ब्रेसिंग आणि टॉपची जाडी यांच्या मानानं लहान आहे. वजन कमी आणि ताठपणा तेवढाच, यानं थोडा फरक पडतो हे मान्य. पण कोल्हापुरात राहणाऱ्याला याचा मोठा फायदा दुसराच आहे: मे आणि जुलै यांच्यामधला झोका अर्धा होतो. भाजलेल्या मेपलचा नेक पावसाळ्यात कमी हलतो, एवढ्यासाठी मी तो विकत घेईन.

विकत घेईन, घरी भाजणार नाही. पावडर कोटिंगच्या भट्ट्या १८०-२०० अंशांवर चालतात हे कळल्यावर ‘एक दिवस भाड्यानं घेऊ’ असा बेत शिजतोच. त्या भट्टीत हवा खेळती असते. त्या तापमानाला लाकूड आतून स्वतःची उष्णता तयार करायला लागतं आणि निघणारे वायू पेट घेणारे असतात. दार उघडलं, ताजी हवा आत गेली, की आग. शिवाय आम्लाची वाफ भट्टीचा पत्रा खाते, मालकाला ते नंतर कळतं. उद्यमनगरातल्या धातूच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांचा तर विषयच नको, त्या शेकडो अंश वरच्या. गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ फळ्या रचायची कल्पनाही कुणाला तरी दरवर्षी सुचते. काहिलीची वाफ सतत अंगावर येणारी जागा वाळवायला सर्वात गैरसोयीची.

घरी करता येण्यासारखं आहे ते एवढंच: पेटीत ८ टक्क्यांवर आलेल्या ब्रेसच्या काठ्या किंवा ब्रिजचा (टॉपवर तारा अडकवायच्या पट्टीचा) ठोकळा ओटीजीमध्ये ९५-१०० अंशांवर तासभर ठेवायचा, मग बाहेर काढून आठवडाभर ४५ टक्के आर्द्रतेत परत येऊ द्यायचा. काही कारागीर टॉपलाही असं करतात. याला भाजणं म्हणू नका, रंगही बदलत नाही. पण जो छुपा ताण किंवा चीर असेल ती चिकटवण्याआधी दिसते. समोर बसून करा, ओटीजी सुरू ठेवून बाजारात जाऊ नका.

विकतचं भाजलेलं लाकूड हाताळताना सवयी बदलाव्या लागतात. ते ठिसूळ असतं. कडेला पटाशी नेली की कपचा उडतो, म्हणून धार नेहमीपेक्षा चांगली आणि कापणं कडेकडून आत. स्क्रूला आधी पूर्ण मापाचं भोक पाडा. साइड वाकवायला ते घेऊच नका, गरम पाइपवर तडकतं. पाणी सावकाश शोषतं म्हणून पांढरा गोंद सुकायला वेळ घेतो. क्लॅम्प दुपटीनं जास्त वेळ ठेवा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर जोड तोडून बघा. लाकूड तुटलं पाहिजे, जोड नाही. मॉइश्चर मीटर यावर खरा आकडा दाखवत नाही, काटाच वापरा. विकणाऱ्याला कमाल तापमान विचारा. २०० च्या पुढे गेलेलं लाकूड दिसायला चॉकलेटी आणि देखणं, पण त्याची वाकण्याची ताकद बरीच उतरलेली असते. टॉप आणि ब्रेसला ते नको, फ्रेटबोर्डला चालेल.

चिकटवायचा हंगाम

बॉडी बंद करायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० मध्ये असलेले दिवस तेव्हा सहज मिळतात. मेमध्ये दुपारी ३० वर चिकटवलं तर पुढच्या पावसाळ्यात टॉप जास्त फुगतो, त्यामुळे तेव्हा संध्याकाळची वेळ घ्या. पावसाळ्यात करावंच लागलं तर टॉप आणि ब्रेस पेटीतून काढून तासाभरात चिकटवा आणि क्लॅम्पसकट परत पेटीत ठेवा. तीन मिलिमीटरचं पान बाहेर ठेवलं तर एका रात्रीत ओलावा घेतं. जून ते सप्टेंबर नेकला आकार देणं, साचे बनवणं, हत्यारांना धार लावणं यात घालवा. काम कमी पडत नाही.

गिऱ्हाईक गगनबावड्याकडचं किंवा खाली कोकणातलं असेल तर गिटार देताना सांगून ठेवा: पावसाळ्यात वाजवून झालं की केसमध्ये, आणि केसमध्ये सिलिका जेलची मोठी पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत तापवायचे, ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही.